पातेलं बसवलेली गिटार

घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या जवळ असलेल्या आमच्या कुंभार पिंपळगावात लग्न झालं की अजूनही कित्येक घरांत गोंधळ घातला जातो. संबळाचा कडकडाट गल्लीच्या टोकापर्यंत जातो, दिवटी पेटते, आणि या गलबल्यात एक बारीक, चिवट आवाज रात्रभर तग धरून असतो. तो तुणतुण्याचा.

तुणतुणं कधी उलटं करून पाहिलंय? धान्य मोजायच्या मापासारखं एक पोकळ लाकडी नळकांडं. वरचं तोंड उघडं, खालचं बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेलं. कातड्याच्या मधोमध बारीक भोक. त्यातून तार ओवून खालच्या अंगाला गाठ मारलेली. तीच तार नळकांड्याच्या पोटातून वर येते आणि बाजूला ठोकलेल्या काठीच्या टोकाशी, खुंटीला गुंडाळली जाते. काम संपलं. तार छेडली की ती थेट कातड्याला ओढते. मध्ये ना लाकडाची जाड पाटी, ना घोडी. म्हणूनच काखेत मावणाऱ्या या वाद्याचा आवाज अख्ख्या मांडवाला ऐकू येतो.

हे सगळं मला गिटारमुळे नीट कळलं. स्लाइड ब्लूज वाजवायचा म्हणून मी एक वापरलेली रेझोनेटर गिटार मागवली होती. चकचकीत धातूचं अंग, आणि गिटारच्या पोटावर गोल भोकाऐवजी जाळीचं मोठं झाकण. ओसरीवर ती वाजवत बसलो असताना ओळखीचे एक म्हातारे गोंधळी मामा आले. त्यांनी झाकणावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "मास्तर, ह्याच्यात तं जर्मनचं पातेलं बसविलंय की!"

मामांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. आपल्याकडे 'जर्मनचं भांडं' म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं. रेझोनेटर गिटारच्या पोटात खरोखरच पातळ ॲल्युमिनियमचा एक शंकू असतो, आणि तो तुणतुण्याच्या कातड्याचंच काम करतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की कोणती रेझोनेटर गिटार घ्यावी, या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती लागतं. बाकीचं निम्मं पुढे.

पातेलं आलं कुठून

नुसती तार हवा फारशी हलवत नाही. खिळ्याला बांधून ताणलेली तार छेडली तर जवळच्या माणसालाही जेमतेम ऐकू येते. तिची थरथर एखाद्या मोठ्या पृष्ठभागावर पोचली तरच आवाज होतो. सतारीत आणि तंबोऱ्यात हे काम तबली आणि भोपळा करतात. साध्या गिटारमध्ये अडीच-तीन मिलिमीटर जाडीची लाकडी पाटी करते. पण लाकूड जड असतं, त्यात आतून पट्ट्या मारलेल्या असतात. तारेची ताकद तिथे हळूहळू उतरते. आवाज गोड होतो, मोठा होत नाही.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नाचघरांमध्ये गिटारवाल्यांची हीच अडचण होती. सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ढोलांच्या गर्दीत गिटारवाला दिसायचा, ऐकू यायचा नाही. लॉस एंजेलिसमधला जॉर्ज बीचम हा हवाईयन गिटार वाजवणारा कलाकार ही तक्रार घेऊन जॉन डोपेरा या कारागिराकडे गेला. डोपेरा मूळचा स्लोव्हाकियाचा, व्हायोलिन बनवणाऱ्या बापाचा मुलगा. आधी त्यांनी गिटारला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडून पाहिला, तो फसला. मग डोपेरानं ॲल्युमिनियमचे पातळ शंकू करून गिटारच्या पोटात बसवले. एक नाही, तीन. १९२७ मध्ये 'नॅशनल' नावानं या गिटारी बाजारात आल्या. पुढच्याच वर्षी एका शंकूची, स्वस्त आवृत्ती निघाली.

मग भागीदारांत भांडण झालं. डोपेरा भाऊ बाहेर पडले आणि त्यांनी शंकू उलटा बसवून, वाडग्यासारखा, नवी गिटार काढली. तिचं नाव 'डोब्रो': डोपेरातलं 'डो' आणि ब्रदर्समधलं 'ब्रो'. स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे चांगलं, हा वरचा नफा.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्या बीचमनं आवाज वाढवण्यासाठी पातेलं बसवायला लावलं, त्यानंच काही वर्षांत विजेवर चालणारी गिटार काढली. १९३२ मध्ये विक्रीला आलेल्या त्या गिटारचं टोपणनाव 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपल्या भाषेत तवा. पातेल्याचा धंदा तव्यानं बसवला. ॲम्प्लिफायर आल्यावर मोठ्या आवाजासाठी शंकूची गरज उरली नाही, आणि दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाल्यावर या गिटारींचं उत्पादनही थांबलं.

तरीही ती मेली नाही, कारण तोवर ती नाचघरातून रस्त्यावर उतरली होती. मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या भागातले सन हाउस आणि बुका व्हाइट यांच्यासारखे ब्लूज कलावंत ती वाजवत होते. वीज नसलेल्या गावात, चौकात, दुकानाच्या पायरीवर ऐकू जाणारी गिटार त्यांना हवी होती. कापूस आणि भारनियमन या दोन्ही गोष्टी ओळखीच्या असलेल्या आपल्या मराठवाड्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सरकणाऱ्या सुराचा फेरा

ब्लूजमध्ये बोटात नळी घालून ती तारेवरून का सरकवतात? कारण गिटारचे पडदे ठोकलेले असतात. कोमल गांधार एका पडद्यावर, शुद्ध गांधार पुढच्या पडद्यावर. ब्लूजचा जीव मात्र या दोघांच्या मधल्या जागेत आहे. गाणाऱ्याचा गळा तिथे सहज जातो. पडद्याची गिटार जात नाही. काच किंवा धातूची नळी तारेवर टेकवून सरकवली की पडदे असून नसल्यासारखे होतात आणि मींड मोकळी होते. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरवतात, तो याचसाठी. चौंडक्यावर तार हातानं ओढून-सैल सोडून सूर वळवतात, तेही याच ओढीनं.

ब्लूजमधली ही पद्धत फार गरिबीतून आली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली कृष्णवर्णीय मुलं घराच्या भिंतीवर एकच तार दोन खिळ्यांत ताणत आणि बाटली सरकवून वाजवत. तो त्यांचा 'डिडली बो'. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना त्यानं एका माणसाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना ऐकलं.

दुसरा प्रवाह हवाई बेटांचा. तिथल्या जोसेफ केकुकू या मुलानं १८८९ च्या सुमारास पोलादाचा तुकडा तारांवर फिरवून वाजवायची पद्धत रुजवली, असं मानतात. पण त्याच्याही आधी होनोलुलूत गेब्रिएल डेव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला एक तरुण गिटारवर असंच वाजवायचा, अशी नोंद सापडते. म्हणजे या सरकत्या सुराच्या कुळात एक भारतीय धागा पहिल्यापासून आहे.

तो धागा परत आपल्याकडे आला तो कलकत्त्यामार्गे. हवाईयन कलावंत ताउ मो १९४० च्या दशकात काही वर्षं तिथे राहिले आणि त्यांनी स्टील गिटारचे धडे दिले. मुंबईत व्हॅन शिपली, हजारा सिंग, चरणजित सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धून स्टील गिटारवर वाजवल्या. जुन्या रेडिओच्या श्रोत्यांना तो ओघळता सूर अजून आठवत असेल. पण मुंबईच्या त्या जमान्यात तव्याचाच, म्हणजे विजेवरच्या गिटारचा बोलबाला होता. पातेल्याची गिटार आपल्या कानावर फारशी आलीच नाही. शास्त्रीय संगीतात ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर घेतली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर तीच ऐकू येते. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि राय कूडर या अमेरिकी स्लाइड वादकाबरोबर केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. ब्लूज आणि मींड एकमेकांना परके नाहीत याचा याहून चांगला पुरावा नाही.

तीन पातेली, तीन आवाज

आता खरेदीकडे वळू. रेझोनेटर गिटार बघताना लोक अंगाची चकाकी बघतात, कोरलेली नारळाची झाडं बघतात, ब्रँड बघतात. पहिला प्रश्न मात्र एकच विचारायचा: आत पातेलं कोणत्या जातीचं आहे?

पहिली जात एका शंकूची. साधारण साडेनऊ इंच, म्हणजे २४ सेंटिमीटर व्यासाचा शंकू टोक वर करून बसवलेला असतो. टोकावर लाकडाची गोल चकती, तिला 'बिस्किट' म्हणतात. बिस्किटात घोडी आणि घोडीवर तारा. तारेचा दाब थेट शंकूच्या माथ्यावर पडतो. म्हणून आवाज तडक येतो, भुंकल्यासारखा, खरखरीत आणि मोठा, आणि लगेच विझतो. विझणं हा इथे दोष नाही. अंगठ्यानं खालच्या तारांवर ठेका धरायचा आणि वरच्या तारांवर नळी सरकवायची, तर खालचा सूर रेंगाळून चालत नाही; तो संबळाच्या थापेसारखा पडून मोकळा झाला पाहिजे. बुका व्हाइटची जुनी ध्वनिमुद्रणं ऐका म्हणजे हा आवाज कळेल. बी. बी. किंग त्याचा नात्यातला भाऊ. त्याला नळी वापरणं कधी जमलं नाही, म्हणून त्यानं तसा आवाज काढण्यासाठी बोट थरथरवायची रीत शोधली, आणि पुढे तीच त्याची ओळख ठरली.

दुसरी जात डोब्रोची. शंकू थोडा मोठा, साडेदहा इंचांचा, वाडग्यासारखा उताणा ठेवलेला. त्याच्या काठावर आठ पायांचा ॲल्युमिनियमचा कोळी उभा असतो आणि त्या कोळ्यावर घोडी. ताकद आठ पायांनी वाटून काठावर उतरते. आवाज थोडा नाकातला, गोड, जास्त वेळ टिकणारा. अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या ब्लूग्रास संगीतात हाच चालतो. यावर ब्लूज वाजत नाही असं नाही, पण त्याला मिसिसिपीचा उग्र वास येत नाही.

तिसरी जात तीन शंकूंची, 'ट्रायकोन'. सहा इंचांचे तीन छोटे शंकू आणि त्यांना जोडणारी टी-आकाराची धातूची पट्टी. आवाज मऊ, खोल, लांबलचक. टॅम्पा रेड हा शिकागोचा ब्लूज वादक सोनेरी मुलाम्याची ट्रायकोन वाजवायचा. ज्याला मींड लांबवायची आहे, एकेक सूर आळवायचा आहे, त्याच्या कानाला ट्रायकोन जवळची वाटेल. आपल्या रागदारीच्या कानाला तर नक्कीच. पण तीन शंकू म्हणजे किंमत जास्त आणि दुरुस्तीची कटकटही जास्त.

शंकू कसा बनलाय हेही महत्त्वाचं. चांगला शंकू लेथवर बनतो: पत्रा गरगर फिरवत ठेवून कारागीर तो साच्यावर दाबत नेतो, भांडी घडवायच्या कारखान्यात पातेली करतात तसा. त्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते. स्वस्त गिटारीतले शंकू साच्यात एका दाबात काढलेले आणि जाड असतात. ते बोलत नाहीत, नुसते किणकिणतात. बरी बाब अशी की शंकू बदलता येतो. मध्यम किमतीची गिटार घेऊन पुढे चांगला शंकू बसवला तर ती चकित करते.

अंग: जर्मन आणि जर्मन सिल्व्हर

मामांच्या 'जर्मन'नं पुढे आणखी एक घोळ घातला. महागड्या ट्रायकोनचं अंग जर्मन सिल्व्हरचं असतं, पण त्यात ना ॲल्युमिनियम ना चांदी. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. म्हणजे एकाच गिटारचं पोट जर्मनचं आणि पाठ जर्मन सिल्व्हरची असू शकते.

अंगाचा आवाजावर परिणाम होतो, पण शंकूनंतर. पोलादी अंगाचा आवाज धारदार आणि कोरडा. पितळी अंगाचा थोडा भरलेला, गोलाई असलेला. १९८५ च्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर निळ्या आकाशात तरंगणारी चंदेरी गिटार अनेकांनी पाहिली असेल. ती १९३० च्या दशकातली, पितळी अंगावर निकेलचा मुलामा दिलेली 'नॅशनल' आहे. लाकडी अंगाची रेझोनेटर सगळ्यांत सौम्य. घरात, शेजाऱ्यांना न उठवता वाजवायची असेल तर तीच बरी.

वजन विसरू नका. धातूची गिटार साडेतीन-चार किलो भरते. मांडीवर तासभर ठेवली की गुडघा बोलू लागतो. आणि आपल्याकडचं हवामान: जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत धातूची गिटार ठेवली तर हात लावता येत नाही, आणि सावलीत आणल्यावर तिचा सूर घटकाघटकाला चढत राहतो. पावसाळ्यात पोलादी अंगाला घामाचे डाग धरतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायचं, एवढाच उपाय. लाकडी गिटारीसारखी तडकण्याची भीती मात्र नाही.

दांडी गोल की चौकोनी

बरेच जण इथेच फसतात. रेझोनेटर दोन प्रकारच्या दांडीत मिळते. चौकोनी दांडीची गिटार मांडीवर आडवी ठेवून, धातूच्या भरीव पट्टीनं वाजवायची, मोहनवीणेसारखी. तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच असतात की बोटानं दाबणं जवळपास अशक्य. गोल दांडीची गिटार नेहमीसारखी धरायची, एका बोटात नळी आणि बाकीची बोटं तार दाबायला मोकळी. ब्लूजसाठी गोल दांडीच घ्या. फोटोत कळलं नाही तर विकणाऱ्याला दांडीचा मागचा भाग दाखवायला सांगा.

गोल दांडीवर चौकोनी दांडीचा सूर लावायचा मोह टाळा. डोब्रोवाले 'सा ग प सा ग प' असा जोरकस सूर लावतात. त्यात खालच्या तारा खूप ताणल्या जातात आणि गोल दांडी वाकू शकते.

ब्लूजचे दोन सूर सोपे आहेत. पहिला, इंग्रजीत 'ओपन जी', खालून वर: प सा प सा ग प. दुसरा 'ओपन डी': सा प सा ग प सा. दोन्हींत तारा मोकळ्या छेडल्या तरी सुरेल स्वरसमूह मिळतो. मग नळी पाचव्या पडद्यावर आडवी ठेवली की सगळं 'म' वर जातं, सातव्यावर 'प' वर. बारा मात्रांच्या नव्हे, बारा खंडांच्या ब्लूजचा हिशेब इतकाच: चार खंड सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, शेवटचे दोन सा. पहिल्या आठवड्यात कुणालाही जमतं. पुढच्या दहा वर्षांत फक्त गांधार शिकायचा असतो.

हे सूर नेहमीच्या लावण्यापेक्षा सैल आहेत. त्यामुळे तारा जाड हव्यात. साध्या गिटारीवर पहिली तार ०.०१२ इंचाची चालते, रेझोनेटरवर ०.०१३ पासून ०.०१६ इंचापर्यंत. जाड तार नळीचा भार पेलते आणि शंकूला नीट ढकलते. तारांची उंची बाराव्या पडद्यापाशी साधारण ३ मिलिमीटर असावी. याहून खाली असली तर नळी पडद्यांवर खडखडते, फार वर असली तर बोटानं दाबताना सूर चढतो.

नळी

नळीसाठी पैसे उधळू नका. काचेची नळी मऊ वाजते, पितळी नळी जड आणि भरदार, पोलादी नळी चकचकीत. धातूच्या गिटारीला काच आणि लाकडी गिटारीला पितळ, ही जोडी बहुतेकांना मानवते. अमेरिकेत लॉवेल जॉर्ज गॅरेजमधली सॉकेट पान्याची गोटी वापरायचा, ड्वेन ऑलमन औषधाची रिकामी बाटली. कुंभार पिंपळगावात गॅरेज आणि औषधाचं दुकान दोन्ही आहेत. नळी करंगळीत सैल नको आणि रुतणारीही नको. आणि ती पडद्याच्या मागे नाही, बरोबर पडद्याच्या तारेच्या माथ्यावर टेकवायची. नळीच्या मागच्या बोटांनी तारा हलकेच झाकल्या की नको ती किणकिण थांबते.

लांबून घेताना

जालन्यात रेझोनेटर हाताळून घेणं अवघड. मुंबईला धोबी तलावाला १८६५ पासूनचं 'फुर्टाडोज' आहे, तिथे जाणं जमलं तर उत्तम. नाही तर बहुतेकांना कुरिअरचाच आधार. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये नव्यानं सुरू झालेल्या 'नॅशनल रेझोफोनिक' च्या गिटारी सर्वोत्तम समजल्या जातात, पण त्यांच्यासाठी काही लाख मोजावे लागतात. ग्रेच, रीगल, रेकॉर्डिंग किंग यांच्या गिटारी सर्वसामान्याच्या आवाक्यातल्या.

माझी गिटार एका शहरातल्या विक्रेत्याकडून आली. फोटोत झकास होती. घरी आल्यावर तिसरी तार छेडली की पोटातून माशी गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. तंबोऱ्यात अशी झणझण आपण मुद्दाम आणतो. मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून जवारी काढतात. पण जवारी सगळ्या सुराला चढते, आणि ही माशी एकाच सुरावर बसत होती. तोच फरक. जो आवाज एकाच स्वराला येतो तो दोष.

झाकणाचे स्क्रू काढले. आत शंकू चमकत होता आणि त्याला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. ना डिंक, ना खिळा. बिस्किट गिटारीत शंकू फक्त तारांच्या दाबानं जागेवर राहतो. प्रवासात कुणीतरी सगळ्या तारा सैल केल्या होत्या आणि शंकू कडेवरून केसभर सरकला होता. तो मध्यावर आणला, तारा चढवल्या, माशी उडाली. त्या दिवसापासून तारा बदलताना मी एक काढतो, एक चढवतो, मगच दुसरीला हात लावतो.

म्हणून विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर पाच गोष्टी करायला लावा. तारा हातानं झाकून झाकणावर टिचक्या माराव्यात; काही खुळखुळलं तर विचारा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा वाजवून दाखवावी. डोळ्यासमोर धरून दांडी सरळ आहे का ते दाखवावं. दांडी उखडून परत बसवणं हा फार खर्चाचा उद्योग आहे. घोडी झाकणाच्या मानानं फार खाली गेलेली नाही ना, ते बघावं. गेली असेल तर शंकू बसलाय. तेवढ्यासाठी गिटार सोडू नका, पण शंकूची किंमत वजा करून भाव करा. आणि बाराव्या पडद्यावर नळी टेकवून येणारा सूर आणि त्याच जागी तार नुसती स्पर्शून निघणारा सूर जुळले पाहिजेत. न जुळल्यास घोडीची जागा चुकलेली आहे.

तर घ्यावी कोणती?

ब्लूज हाच हेतू असेल, तर माझं मत सरळ आहे: गोल दांडी, एक शंकू, बिस्किट घोडी, पोलादी किंवा पितळी अंग, बाराव्याऐवजी चौदाव्या पडद्याशी अंगाला जोडलेली दांडी, म्हणजे वरच्या सप्तकापर्यंत नळी मोकळी जाते. गायकीचं अंग जास्त असेल आणि खिशात पैसे असतील तर ट्रायकोन. घरात झोपलेलं लेकरू असेल तर लाकडी अंगाची. चौकोनी दांडीची मांडीवर घेऊन वाजवायची इच्छा असेल तरच.

पण त्याआधी एक महिना थांबा. घरातल्या जुन्या गिटारीवर जाड तारा चढवा, घोडीखाली बारीक पट्टी सरकवून तारा उचला, 'प सा प सा ग प' लावा आणि औषधाच्या बाटलीनं गांधार शोधा. महिन्यानंतरही हात थांबत नसेल तर पैसे खर्च करा. आणि पुढच्या गोंधळात तुणतुणंवाले मामा दम खायला बसले की त्यांची परवानगी मागून ते एकदा उलटं करून बघा. तार कुठे बांधलीय ते दिसलं की दुकानदाराला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, ते आपोआप कळेल.